थंड पिंप

रंगनाथने टेम्पोतून उतरवलेलं निळं पिंप शेडच्या दारात ठेवलं. कमलिनीचा हात सहज त्याच्या बाजूला लागला आणि ती चमकली. पिंप गार होतं. नुसतं गार नाही, रात्रभर अंगणात राहिलेल्या माठासारखं गार.

“कधी भरलंस?” तिने विचारलं.

“आत्ताच, मेडम. हॉटेलातून निघालो तो सरळ इकडे.” एवढं म्हणून रंगनाथ दोर गुंडाळायला वळला. दोर आधीच गुंडाळलेला होता.

बिअर करताना बार्ली गरम पाण्यात भिजवतात, तिचं गोड पाणी निथळून घेतात आणि मागे उरतो तो चोथा. पिंपात तोच होता. भरताना त्यातून वाफा निघत असतात आणि झाकण लावलं की पिंप कितीतरी वेळ ऊब धरून राहतं. कमलिनीने हे स्वतः पाहिलं होतं. आत्ता भरलेलं पिंप गार असणं शक्यच नव्हतं. म्हणजे रंगनाथ खोटं बोलत होता. पण कशासाठी? चोथ्यात चोरण्यासारखं असतं तरी काय?

तिने तेव्हा काही बोलून दाखवलं नाही. संशयाच्या भरात बोलून तिने नुकतंच एकदा तोंड पोळून घेतलं होतं.

नवऱ्याच्या, उदयच्या, नोकरीपायी कमलिनी नाशिकहून म्हैसूरला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा नील शिकायला बाहेर पडला, घर रिकामं झालं, तेव्हा तिने बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेड घेऊन हातकागदाचं काम सुरू केलं. शिंप्यांकडची सुती कात्रणं आणायची, यंत्रात कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात सोडायचा आणि जाळीच्या चौकटीने एकेक कागद उचलून कांबळ्याच्या तुकड्यावर पालथा घालायचा. काम धिमं होतं, पण ती त्यात रमली. पुढे वरुणाच्या बाजूला रिंगरोडजवळ एक हॉटेल निघालं, तिथे जागेवरच बिअर करत. तिथला बिअर करणारा भुवन हा चटपटीत तरुण होता. रोजचा ढीगभर चोथा कुठे टाकायचा ही त्याची अडचण होती. कमलिनीने थोडा नेऊन, सोड्यात शिजवून, कात्रणांच्या लगद्यात मिसळून पाहिला. कागदावर गव्हाळी कणांची अशी सुरेख नक्षी उतरली की भुवनने हॉटेलची मेन्यूकार्डं त्याच कागदाची करून मागितली. बदल्यात सगळा चोथा तिचा. दुसऱ्या कुणाला मूठभरही नाही, असा शब्द तिने घेतला होता.

ती मेन्यूकार्डं बंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांच्या नजरेस पडली. त्यांनी नमुने मागवले, पसंत केले, आणि तिथून दुखणं सुरू झालं. एका खेपेचा कागद असा निघायचा की हातातून ठेववत नसे. पुढच्या खेपेला हौदावर साबणासारखा फेस यायचा, लगदा बुळबुळीत व्हायचा, कागद कांबळ्याला चिकटून फाटायचा, आणि जो वाळायचा त्याला आंबूस वास यायचा. माल तोच, माणसं तीच, पाणी तेच. मग फरक कुठून?

तिचा पहिला संशय गेला फत्तेसिंगरावांवर. ते शिवरामपेठेतले जुने शिंपी. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या म्हैसुरातच गेल्या होत्या. घरात मराठी बोलत, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की कमलिनीला सुरुवातीला कान देऊन ऐकावं लागे. आसपासच्या दुकानांतली कात्रणं गोळा करून ते पोती पाठवत. चोथा आल्यापासून त्यांची पोती निम्म्यावर आली होती. एकदा पिंपात डोकावून ते म्हणालेही होते, “बिअरचं उरलंसुरलं कागदात घालता? मला काही सरी वाटत नाही हं ताई.” सरी म्हणजे बरं, योग्य. त्या वेळी ती हसली होती. कागद बिघडायला लागल्यावर तिला ते वाक्य वेगळंच ऐकू यायला लागलं. कॉलरमध्ये घालतात त्या बकरमला गोंद असतो. त्याची कात्रणं मुद्दाम मिसळली, तर लगदा बुळबुळीत होणारच.

पुढचं पोतं घेऊन ते आले, तेव्हा तिने ते कामावरच्या सगळ्या बायकांसमोर जमिनीवर उलटं केलं आणि गुडघ्यांवर बसून कात्रणं उपसायला लागली. शोधता शोधता एक पट्टी सापडली.

“हे काय आहे?”

“बकरम,” फत्तेसिंगराव म्हणाले. “शिंप्याच्या पोत्यात एखादी पट्टी येते, ताई. सोन्याची साखळी नाही आली एवढंच.”

“एखादी की मुद्दाम घातलेली?”

त्यांनी ती पट्टी घेऊन खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, “आयतु. झालं म्हणायचं. दुसरीकडं बघा.” आणि पोतं तसंच पालथं टाकून निघून गेले.

तिने दुसरीकडून कात्रणं आणली. कागद बिघडायचा तो बिघडतच राहिला. म्हणजे म्हाताऱ्याचा दोष नव्हता. हे कळल्यावर खरं तर तिने शिवरामपेठ गाठायला हवी होती. पण लाज वाटली, आणि लाजेपायी एकेक दिवस पुढे गेला.

आता हे थंड पिंप. या वेळी ती सावध राहिली. तिच्याकडे कागद उचलायला सहना होती, शेडमधला सगळ्यात हलका हात तिचा. कमलिनीने तिला सांगितलं, “पिंप गार आलं की त्यावर खडूने फुली मारायची आणि त्याचा लगदा वेगळा ठेवायचा.”

“का, मेडम?”

“असंच.”

रंगनाथ कधी संध्याकाळी येई, तेव्हा पिंपं गरम असत. कधी सकाळी येई, तेव्हा गार. तो दर वेळी ‘आत्ताच भरलं’ म्हणे आणि कमलिनी दर वेळी मान डोलवी. मनात तिने सगळं जुळवलं होतं. हा चांगला चोथा वाटेत कुणाला तरी विकतो, जुना शिळा आणून पिंपात भरतो, आणि म्हणून कागद नासतो. फुलीच्या पिंपांचा कागद खराब निघाला की पुरावा हातात.

फुलीच्या पिंपांचा कागद उत्तम निघाला.

हौदावर फेस नाही, वास नाही. ओला कागद कांबळ्यावरून असा सुटून आला की सहना स्वतःशीच हसली. आणि गरम, ताज्या पिंपांचा कागद चिकटून चिंध्या झाला. कमलिनीचा विश्वास बसेना. सहनाने फुल्यांची अदलाबदल केली असेल असंही तिच्या मनात येऊन गेलं. पुढच्या खेपेला तिने कुणाला हात लावू दिला नाही. फुली स्वतः मारली, लगदा स्वतः केला. निकाल तोच.

आता तिला खरी अस्वस्थता वाटायला लागली. माल पळवणारा चोर समजू शकतो. पण माल सुधारून आणून देणारा आणि वर खोटं बोलणारा माणूस कसा समजून घ्यायचा? तिने भुवनला फोन लावला.

“रंगनाथ चोथा कधी उचलतो?”

“त्याच दिवशी, मेडम. आम्ही रात्रभर ठेवत नाही, माशा होतात. उशीर झाला की तो घरी घेऊन जातो आणि सकाळी तुमच्याकडे आणतो. त्याने सांगितलं नाही?”

“घर कुठे त्याचं?”

“वरुणाकडच्याच एका खेड्यात. तुमच्या आधी थोडाफार चोथा तोच न्यायचा, घरच्या गाईंना.”

उदयला सांगितलं तर तो म्हणाला, “ड्रायव्हर बदल आणि मोकळी हो.” पण कमलिनीला मोकळं व्हायचं नव्हतं, तिला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी टेम्पो उशिरा निघाल्याचं भुवनकडून समजलं तशी तिने स्कूटर काढली.

उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला रंगनाथचं घर होतं. ऊन उतरलं होतं. टेम्पोच्या आडोशाला स्कूटर लावून ती दोन पावलं पुढे झाली आणि थबकली. अंगणात तिची निळी पिंपं उघडी पडली होती. एक बाई, रंगनाथची बायको लक्ष्मीदेवी असणार, मोठ्या घमेल्यात चोथा आणि पाणी घेऊन दोन्ही हातांनी कपडे चोळावेत तशी चोळत होती. चोळून झालं की जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पिळून काढत होती. खाली बादलीत ताकासारखं दाट पांढरं पाणी उतरत होतं. ते तिने गाईपुढे ठेवलं. गाईने मान वर न करता बादली संपवली. मागे उरलेली टरफलं लक्ष्मीदेवीने पुन्हा पिंपात लोटली, वरून साधं पाणी ओतून पिंप काठोकाठ भरलं आणि झाकण लावलं.

रंगनाथने कमलिनीला पाहिलं आणि तो ओट्यावरून उठून उभाच राहिला.

लक्ष्मीदेवी मात्र बसल्या जागेवरून उठली नाही. हात फडक्याला पुसत ती कानडीत म्हणाली, “चोरी नाही केली. तुमचा चोथा तुमच्या पिंपात आहे. मी पाणी तेवढं घेतलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर दिलं असतं?” ती म्हणाली. “तुमच्या आधी माझ्या गाई अख्खा चोथा खात होत्या. मग एके दिवशी हा येऊन सांगतो, आता सगळा कागदाला जाणार, मूठभर घ्यायचा नाही. गाईंना काय सांगू? कागद चाललाय, थांबा?”

कमलिनीचं तिच्या बोलण्याकडे अर्धंच लक्ष होतं. ती रिकाम्या बादलीच्या तळाशी राहिलेल्या पांढऱ्या साक्याकडे बघत होती. हौदावर फेस होऊन यायचं, लगदा बुळबुळीत करायचं ते हेच. गाईला हवं होतं ते कागदाला नको होतं, आणि कागदाला हवी ती टरफलं ही बाई धुऊन, चोळून, स्वच्छ करून परत देत होती. आपण ज्याला चोरी म्हणत होतो त्यावरच आपला चांगला कागद उभा होता.

तिने हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर? उद्या ही धुण्याचे पैसे मागेल. परवा दुसरा कुणी कागदवाला शोधून त्याला विकेल. त्यापेक्षा हे असंच चाललेलं काय वाईट?

“ठीक आहे,” ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही. तुमचं चालू दे.”

आणि हसून ती निघाली. परतीच्या वाटेवर तिला वाटलं, बरं झालं, एकही शब्द न खर्चता सगळं सुटलं.

ते तसं सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळी पिंपं गरम यायला लागली. कितीही उशीर झाला तरी रंगनाथ थेट बेळगोळला येई, शेड बंद होण्याच्या बेताला फाटकाशी उभा राही, प्रत्येक पिंपाचं झाकण उघडून म्हणे, “बघून घ्या, मेडम. हात घालून बघा. होतं तसंच आहे.”

“अरे, पण मी काही म्हटलं का? घरी नेलंस तरी चालेल.”

“नको, मेडम.”

“लक्ष्मीदेवी रागावली का माझ्यावर?”

त्याने एक झाकण परत लावलं. मग म्हणाला, “ती म्हणते, चोरी पाहून जी बाई हसते तिच्या मनात काहीतरी आहे. पिंपाला हात लावायचा नाही, हिने तक्रार केली तर टेम्पो जप्त होईल.”

कागद पुन्हा नासायला लागला. बंगळुरूचा माणूस पक्का माल बघायला येणार होता, तो दिवस जवळ आला. मग शेडमध्येच धुऊ, असं म्हणून कमलिनी आणि सहना दिवसभर चोथा चोळत बसल्या. हात सोलून निघाले, आणि गटारात सोडलेलं पांढरं पाणी उन्हात असं आंबलं की शेजारच्या शेडवाल्याने भांडण काढलं. त्या पाण्याला बेळगोळात जागा नव्हती. त्याची जागा गाईपुढच्या बादलीतच होती.

त्या संध्याकाळी रंगनाथ नेहमीसारखा झाकणं उघडून उभा राहिला. “बघून घ्या, मेडम.” त्याचा चेहरा पाहून कमलिनीला एकदम फत्तेसिंगरावांचा चेहरा आठवला. पालथ्या पोत्याशेजारी ते असेच उभे होते. तिने पर्स उचलली आणि शिवरामपेठेत गेली.

फत्तेसिंगराव मशीनवर होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आणखी बकरम सापडला वाटतं.”

“नाही. दोष चोथ्यात होता,” कमलिनी म्हणाली. “तुमचा काही संबंध नव्हता. हे कळूनही मी आले नाही. माझं चुकलं.”

मशीन थांबलं. “मला राग बकरमचा नाही आला, ताई. पट्टी होती ती होती. त्या पोरींच्या समोर पोतं उलटं केलंत, त्याचा आला. एक शब्द विचारायचा होता. मी काय पळून जाणार होतो?” त्यांनी दोन कॉफी मागवल्या. कॉफी येईपर्यंत तिने वरुणाची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मग त्या बाईला खरं का नाही सांगितलंत?”

“पैसे मागेल म्हणून.”

“अय्यो,” ते म्हणाले, आणि एवढंच म्हणून कॉफी पिऊ लागले. त्या एका शब्दाने कमलिनीचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती वरुणाला गेली ती दोन कागद घेऊन. एक चांगला, एक वाईट. लक्ष्मीदेवीने तिला बस म्हटलं नाही.

“हा तुमच्या हातून धुतलेल्या चोथ्याचा,” कमलिनी तिच्या मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाली, “आणि हा न धुतलेल्याचा. तुम्ही पांढरं पाणी काढून घेता, म्हणून माझा कागद चांगला होतो. तुम्ही थांबलात आणि तो नासला.”

लक्ष्मीदेवीने दोन्ही कागद हातात घेतले, हुंगले, वाईट कागद टरकन फाडला, चांगला फाडून बघितला, तो सहज फाटेना. तरी तिचे डोळे बारीकच होते.

“मग त्या दिवशी हसून गेलात. सांगितलं का नाही?”

“तुम्ही पैसे मागाल असं वाटलं.”

“मागणारच की!” लक्ष्मीदेवी म्हणाली. “एवढं चोळायचं म्हणजे खांदे दुखतात. फुकट कोण करतं?” मग नवऱ्याकडे वळून, “मी म्हटलं नव्हतं, हिच्या मनात काहीतरी आहे?”

“होतं,” कमलिनीने कबूल केलं.

लक्ष्मीदेवीचं तेवढ्यावर भागलं नाही. ती म्हणाली, मी येऊन बघते. दुसऱ्या सकाळी ती स्वतः धुतलेल्या पिंपासोबत टेम्पोत बसून बेळगोळला आली. पिंप डोळ्यांआड होऊ दिलं नाही. चोथा शिजताना बघितला, कुटताना बघितला, सहनाने चौकट बुडवून कागद उचलला तेव्हा हौदावर इतकी वाकली की पदर भिजला. कागद कांबळ्यावर अलगद उतरला. तिने ओला पदर पिळला. मग बोट लावून त्यातला एक गव्हाळी कण चाचपला आणि म्हणाली, “बार्लीच आहे.”

धुण्याची मजुरी ठरली, पांढरं पाणी तिचं ठरलं. भुवनला फोन करून कमलिनीने सगळं उघड सांगितलं. त्याला काय, चोथा उचलला जातोय ना, मग झालं. फत्तेसिंगरावांची पोतीही यायला लागली. आता ती त्यांच्यासमोर कुणी उघडून बघत नसे आणि तेही बघा म्हणत नसत.

बंगळुरूहून माल बघायला आला त्या माणसाचं नाव कुशल. चकचकीत बूट घालून तो हौदाभोवतीच्या चिखलातून जपून चालत होता. त्या दिवशी लक्ष्मीदेवी पिंपं घेऊन आली होती आणि भिंतीशी उभी होती. कुशलने कागद उजेडात धरला, दुमडला, नखाने ओरखडला. मग इंग्रजीत विचारलं की, असा स्वच्छ चोथा इतरांना का जमत नाही, तुम्ही धुता कसा?

कमलिनीच्या ओठावर आलं होतं, ती आमची पद्धत आहे. हा माणूस उद्या सरळ वरुणा गाठू शकत होता. तिने क्षणभर त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी नाही धूत. या धुतात. लक्ष्मीदेवी.”

कुशल वळला, त्याने खिशातून फोन काढला आणि इंग्रजीतच आणखी काही विचारलं. लक्ष्मीदेवी लगेच ताठ झाली.

“काय म्हणतोय तो?” तिने कमलिनीला कानडीत विचारलं. “फोन कशाला काढला?”

“कागद आवडला म्हणतोय. तुम्ही कसा धुता ते त्याला बघायचंय. घरी येऊन फोटो काढू का, असं विचारतोय. आणि,” कमलिनी थांबली, पण मग तेही सांगून टाकलं, “तुमचा नंबरही मागतोय.”

“नंबर कशाला?”

“कदाचित माझ्याशिवाय तुमच्याशीच बोलायचं असेल. मला माहीत नाही.”

लक्ष्मीदेवीने कुशलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग कमलिनीला तितकाच वेळ न्याहाळलं. शेवटी पदर खांद्यावर सारखा केला.

“नंबर तुमचाच द्या,” ती म्हणाली. “फोटो काढू दे. पण गाईंचा नको. नजर लागते.”